प्लायवूडमधलं सोयाबीन: एका गोंदाची शंभर वर्षं

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातलं थोडं आवरलंय, बाकी मजकूर तोच आहे.

नवीन कपाटाचं दार उघडलं की एक वास येतो. थोडा तिखट, नाकात झोंबणारा. कधीकधी डोळे चुरचुरतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, "नव्याचा वास आहे, जाईल चार दिवसांत." आजचा विषय म्हणजे या वासाचा इतिहास. आणि हो, हा वास चार दिवसांत जातोच असं नाही.

हा विषय मी आत्ता का घेतला, तर हल्ली फर्निचरच्या जाहिरातींमध्ये एक नवा शब्द दिसतो: 'प्लांट-बेस्ड'. बोर्ड चिकटवायला सोयाबीनचा, झाडाच्या सालीचा नाहीतर लिग्निनचा गोंद वापरलाय, म्हणून तो सुरक्षित, असं सांगितलं जातं. मग गोंद वनस्पतीपासून आला की बोर्डमधून हवेत काहीच सुटत नाही का? सुटतं. किती सुटतं आणि काय सुटतं, हे समजून घ्यायचं तर मागे जावं लागेल. कारण सोयाबीनचा गोंद नवीन नाहीच मुळी. तो शंभर वर्षांपूर्वी आला, राज्य केलं, हाकलला गेला आणि पुन्हा परत आला.

आधी गोंद म्हणजे काय ते बघू

आपल्या भाषेत चिकटवण्यासाठी किती शब्द आहेत बघा. बाभळीचा डिंक. कणकेची किंवा मैद्याची खळ, जिच्यावर पतंग आणि पोस्टरं चिकटली. आणि सुतारांचा सरस, म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला गोंद. तो गरम करून पातळ करायचा आणि गरम असतानाच लावायचा. भारतात १९५९ साली फेविकॉल आला आणि सुतारांच्या कामातून हळूहळू सरस हटला. हा पांढरा गोंद पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा असतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. सुतार जो गोंद घरी आणून लावतो तो वेगळा, आणि बोर्डच्या पोटात कारखान्यातच भरलेला गोंद वेगळा. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे रचून चिकटवलेले. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा, एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, गोंदात घोळवून गरम प्रेसखाली दाबलेले. ऑनलाइन मागवलेलं स्वस्त स्टडी टेबल बहुतेक वेळा या शेवटच्या दोनांपैकी एकाचं असतं. पार्टिकल बोर्डच्या वजनात गोंदाचा वाटा दहाएक टक्क्यांपर्यंत जातो. तो झोंबणारा वास बहुतेक वेळा या आतल्या गोंदाचा असतो. सुताराला उगाच बोलू नका.

सोयाबीनचं पहिलं राज्य

१९०५ साल. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात पोर्टलंडला एक मोठं प्रदर्शन भरलं होतं, लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेच्या शताब्दीचं. तिथे पोर्टलंड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी नावाच्या छोट्या कारखान्यानं डग्लस फरच्या पापुद्र्यांचे फळे मांडले. गोंद लावला रंगाच्या ब्रशनं आणि दाब दिला घरं उचलायच्या जॅकनं. गोंद कुठला? सरसच. पण फळे लोकांना आवडले आणि त्या भागात प्लायवूडचा धंदा उभा राहिला.

धंदा वाढला तशी स्वस्त गोंदाची गरज वाढली. पहिल्या महायुद्धात लाकडी विमानांसाठी दुधातल्या केसीनचा गोंद वापरला जायचा. तो पाण्यात सरसापेक्षा बरा टिकायचा, पण स्वस्त नव्हता. १९२३ मध्ये ओटिस जॉन्सन यांना सोयाबीनच्या गोंदाचं पेटंट मिळालं. सिॲटलचे रसायनतज्ज्ञ आय. एफ. लॉक्स यांनी पुढे तो गोंद कारखान्यात चालेल असा केला.

कृती ऐकायला सोपी आहे. सोयाबीनमधून तेल काढून घेतल्यावर जी पेंड उरते, ती बारीक दळायची. त्यात पाणी, चुना, कॉस्टिक सोडा, सोडियम सिलिकेट. सोयाबीनमधलं प्रथिन एखाद्या लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं असतं. अल्कलीमुळे तो गुंडा उलगडतो आणि प्रथिनाचे मोकळे झालेले हात लाकडाला धरतात. लातूरच्या बाजारात जिचा भाव रोज बघितला जातो, तीच ही पेंड. आपल्याकडे ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ती प्लायवूडमध्ये गेली आणि काही दशकं तिथल्या आतल्या वापराच्या प्लायवूडवर या गोंदानं राज्य केलं.

मग त्याचं बिनसलं कुठे? पाण्यात. ओल लागली की सोयाबीनचा गोंद मऊ पडायचा, बुरशी धरायचा. शेवटी ते अन्नच आहे ना! आपल्याला जे चविष्ट लागतं ते बुरशीलाही लागतं. शिवाय कालवलेला गोंद फार वेळ टिकायचा नाही आणि कॉस्टिकमुळे लाकडावर डाग पडायचे.

मग आला फॉर्मल्डिहाइड

फॉर्मल्डिहाइड हा एक साधा, छोटासा रेणू. रशियन रसायनशास्त्रज्ञ बुतलेरोव यांनी १८५९ मध्ये त्याच्यावर पहिल्यांदा काम केलं आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी १८६७ च्या सुमाराला तो नक्की काय आहे हे दाखवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीत बेडूक ठेवलेले असतात ना, ते ज्या फॉर्मलिनमध्ये असतात त्यातला हाच.

१९०७ मध्ये लिओ बेकेलंड यांनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र करून बेकेलाइट बनवलं. १९१८ मध्ये प्रागचे हान्स जॉन यांनी युरिया आणि फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनचं पेटंट घेतलं. युरिया म्हणजे शेतात टाकतो तोच. पुढे १९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या हार्बर प्लायवूडच्या जेम्स नेव्हिन यांनी पूर्ण वॉटरप्रूफ गोंद तयार केला आणि प्लायवूड घराबाहेर पडलं, बोटींमध्ये गेलं.

दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे. ब्रिटनचं मॉस्किटो हे लाकडी लढाऊ विमान. सुरुवातीला ते केसीनच्या गोंदानं जोडलं जायचं, नंतर युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या. १९४४ मध्ये भारतात काही मॉस्किटो विमानं हवेतच मोडली आणि लगेच संशय गेला तो इथल्या दमट हवेवर आणि गोंदावर. चौकशीत कारखान्यातल्या जोडणीचे दोष पुढे आले. पण संशय आधी कुठे गेला ते बघा. गोंदाबद्दल त्या पिढीचा प्रश्न एकच होता: ओल आणि उष्णता लागली तर टिकेल का?

त्या प्रश्नाला फॉर्मल्डिहाइडनं चोख उत्तर दिलं. युरियावालं रेझिन स्वस्त, रंगहीन, गरम प्रेसखाली झटपट पक्कं होणारं, आणि त्याला बुरशी लागत नाही. लाकडाच्या चुऱ्यापासून बोर्ड बनवणं त्याच्यामुळेच परवडू लागलं. युद्धानंतर युरोपात घरं भराभर बांधायची होती आणि लाकूड कमी होतं, तेव्हा पार्टिकल बोर्डनं बाजार व्यापला. १९६० च्या दशकापर्यंत सोयाबीनचा गोंद जवळपास विस्मरणात गेला.

हवेत काय सुटतं, हा प्रश्न तोपर्यंत फारसा कुणी विचारलाच नव्हता.

खिडक्या बंद झाल्या आणि प्रश्न उघडा पडला

युरिया-फॉर्मल्डिहाइडमध्ये एक खोट आहे. युरिया आणि फॉर्मल्डिहाइडची जोडी कायमची बांधलेली नसते. ओल आणि उष्णता मिळाली की काही बंध तुटतात आणि फॉर्मल्डिहाइड वायू होऊन बाहेर पडतो. आधीच जास्तीचा उरलेला असतो तो पहिल्या दिवसांत निघून जातो, पण तुटणाऱ्या बंधांमधून येणारा वर्षानुवर्षं येत राहतो. फिनॉलवाल्या रेझिनचे बंध बरेच पक्के असतात, म्हणून त्यातून फार कमी सुटतं. मुंबईच्या पावसाळ्यात बंद खोलीतलं कपाट जास्त का वासतं, याचं एक कारण हेच आहे.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. युरोप-अमेरिकेत घर गरम ठेवणं महाग झालं, म्हणून लोकांनी घरं हवाबंद करायला घेतली. फटी बुजवल्या. भिंतींमध्ये उष्णतारोधक फोम भरला, आणि तोही युरिया-फॉर्मल्डिहाइडचाच. पूर्वी जो वायू फटींमधून निघून जायचा, तो आता घरातच साचायला लागला. डोळे चुरचुरणं, घसा धरणं, डोकं दुखणं अशा तक्रारी वाढल्या.

१९७७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या आरोग्य कार्यालयानं घरातल्या हवेसाठी ०.१ पीपीएमची मर्यादा सुचवली. पीपीएम म्हणजे दहा लाख भाग हवेत एक भाग. ०.१ पीपीएम म्हणजे एक कोटीत एक. पुढे त्यातूनच बोर्डचे ई-१, ई-२, ई-३ असे वर्ग आले. आज दुकानात 'ई-वन बोर्ड आहे' असं ऐकू येतं, त्याचं मूळ हे.

१९७९-८० मध्ये अमेरिकेतल्या रसायन उद्योगानंच पैसा पुरवलेल्या एका संस्थेत उंदरांना जास्त प्रमाणातल्या फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवलं गेलं आणि त्यांच्या नाकात कॅन्सर झाला. कॅनडानं १९८० मध्ये तो फोम बंद केला. अमेरिकेनं १९८२ मध्ये बंदी घातली, पण १९८३ मध्ये कोर्टानं ती रद्द केली. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं फॉर्मल्डिहाइडला 'माणसात कॅन्सर करणारा' या पहिल्या गटात टाकलं.

म्हणजे एखादं टेबल घेतलं की कॅन्सर होतो, असं नाही. आपल्या शरीरातही थोडं फॉर्मल्डिहाइड सतत तयार होत असतं. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि त्या हवेत आपण रोज किती तास घालवतो याचा.

ट्रेलरमधली माणसं

हा प्रश्न कागदावरून माणसांपर्यंत कसा आला, ते २००५ मध्ये दिसलं. ऑगस्टमध्ये कॅटरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा किनारा उद्ध्वस्त केला. बेघर झालेल्या लोकांना सरकारनं लाखाहून जास्त ट्रेलर आणि फिरती घरं दिली. लहानशी जागा आणि भिंती, कपाटं, पलंग, सगळं प्लाय आणि पार्टिकल बोर्डचं. त्यात दक्षिणेची उष्ण-दमट हवा.

काही महिन्यांत लोक तक्रारी करू लागले. नाकातून रक्त, खोकला, लहान मुलांना श्वासाचा त्रास. सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रानं डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ मध्ये ५१९ ट्रेलर आणि फिरती घरं तपासली. सरासरी निघाली ७७ पीपीबी, म्हणजे शंभर कोटीत ७७ भाग. सर्वांत जास्त ५९०. अमेरिकेतल्या साध्या घरात तेव्हा १० ते २० धरलं जायचं. आणि ही मोजणी हिवाळ्यातली, दोन-दोन वर्षं जुन्या झालेल्या ट्रेलरमधली. पहिल्या उन्हाळ्यात तिथल्या मुलांनी कुठली हवा श्वासात घेतली, ते या मोजणीत आलंच नव्हतं.

ज्यांच्याकडे खिडकी उघडून दुसऱ्या खोलीत जायची सोय होती, त्यांच्यासाठी तो नुसता वास होता. ज्यांना तेच एक घर होतं, त्यांच्यासाठी तो आजार होता.

कॅलिफोर्नियानं २००७ मध्ये बोर्डसाठी कडक नियम मंजूर केले आणि २००९ पासून लागू केले. दुसऱ्या टप्प्यात प्लायवूडला ०.०५ पीपीएम, पार्टिकल बोर्डला ०.०९, एमडीएफला ०.११. २०१० मध्ये अमेरिकेनं याच धर्तीवर देशभराचा कायदा केला. जपाननं त्याआधीच, २००३ मध्ये, 'सिक हाउस'च्या तक्रारींनंतर इमारत कायदा बदलून बोर्डना चांदण्या द्यायला सुरुवात केली होती. चार चांदण्या म्हणजे सर्वांत कमी उत्सर्जन.

शिंपल्यांनी दाखवलेली वाट

याच काळात सोयाबीन परत आलं. ओरेगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक कायचांग ली यांचं लक्ष समुद्रकिनाऱ्यावरच्या कालवांसारख्या शिंपल्यांकडे गेलं. आपल्या रत्नागिरी-मालवणकडे खडकाला चिकटलेली कालवं काढताना किती जोर लागतो माहितीये ना? लाटा आदळतात, पण शिंपला सुटत नाही. त्याला धरून ठेवतं ते एक प्रथिन, आणि ते खाऱ्या पाण्यातही टिकतं.

ली यांचा विचार असा: सोयाबीनमध्येही प्रथिन भरपूर आहे. त्यात थोडा बदल करून ते शिंपल्याच्या प्रथिनासारखं वागेल का? त्यांनी सोयापिठाला जोड दिली एका रेझिनची. हे रेझिन कागद उद्योगात आधीपासून वापरात होतं, ओला झालेला कागद फाटू नये म्हणून. ते सोयाच्या प्रथिनांना एकमेकांशी बांधतं आणि १९२० च्या गोंदाची पाण्याची खोड बऱ्यापैकी जाते. फॉर्मल्डिहाइडची गरजच नाही.

कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स या कंपनीनं हा गोंद आपल्या प्लायवूड कारखान्यांत आणला. २००६ या एका वर्षात तिथे फॉर्मल्डिहाइडवाल्या गोंदाच्या ४.७ कोटी पौंडांची जागा सोयानं घेतली. कारखान्यांमधून हवेत जाणारे घातक वायू ५० ते ९० टक्क्यांनी घटले. म्हणजे फायदा फक्त कपाट घेणाऱ्याचा झाला नाही, प्रेससमोर आठ तास उभ्या राहणाऱ्या कामगाराचाही झाला. २००७ मध्ये या कामाला अमेरिकेचा राष्ट्रपतींच्या नावाचा हरित रसायन पुरस्कार मिळाला.

मग आता बोर्डमधून काहीच येत नाही?

येतं. आणि यातलं काही गोंदामुळे नाही, लाकडामुळेच.

संग्रहालयातल्या लोकांना हे फार आधीपासून माहीत आहे. ओक लाकडाच्या कप्प्यात ठेवलेली शिशाची नाणी आणि पदकं पांढरी पडून झिजतात. कारण लाकडातून ॲसिटिक आम्ल सुटतं, व्हिनेगरमधलंच. १९७३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी कपाटाचं सामान वस्तूंना सोसेल का, हे तपासायची चाचणीच तयार केली. ती आजही वापरतात.

साध्या, गोंद न लावलेल्या लाकडातूनही थोडं फॉर्मल्डिहाइड निघतं. जर्मन संशोधकांनी बंद पेटीत मोजलं तेव्हा झाडाच्या जातीप्रमाणे २ ते ९ पीपीबी आलं. म्हणून 'फॉर्मल्डिहाइड शून्य' हे वाक्य लाकडाच्या बाबतीत खरं असूच शकत नाही. जबाबदार कंपन्या म्हणतात, 'नो ॲडेड', म्हणजे वरून घातलेलं नाही. कॅलिफोर्नियाच्या त्या गटात बसायलाही अट शून्याची नाही, बहुतेक चाचण्या ०.०४ पीपीएमच्या आत हव्यात.

पाइनसारख्या लाकडात नैसर्गिक मेद असतो. गरम प्रेसखाली आणि नंतर हवेशी संयोग होऊन त्यातून हेक्झानल नावाचा वायू तयार होतो. कच्च्या सोयापिठाला जो कच्चट वास येतो ना, त्यातही हेच हेक्झानल असतं. ते फॉर्मल्डिहाइडसारखं घातक मानलं जात नाही, पण नाकाला जाणवतं. पाइनचा तो छान रानटी वास टर्पिनचा. त्यातली लिमोनिनसारखी टर्पिनं हवेतल्या ओझोनशी भिडली की त्यातून पुन्हा थोडं फॉर्मल्डिहाइड तयार होतं. वास घालवायला ओझोन सोडणारं मशीन लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आणि सगळे वनस्पतिजन्य गोंद सारखे नसतात. दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकापासून वॉटल बाभळीच्या सालीतल्या टॅनिनचा गोंद उद्योगात आहे. टॅनिन झाडाचं, पण त्याला पक्कं करायला बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइड किंवा हेक्झामिन लागतं. लिग्निनच्या बऱ्याच गोंदांमध्ये लिग्निन फक्त फिनॉलच्या काही भागाची जागा घेतं, फॉर्मल्डिहाइड तिथेच राहतं. आपल्या कोकण-गोव्याच्या काजूचं उदाहरण घ्या. काजूच्या टरफलाच्या तेलातलं कार्डेनॉल हे झाडानं दिलेलं फिनॉलच आहे, आणि त्याचंही रेझिन करताना सहसा फॉर्मल्डिहाइडच जोडतात. 'प्लांट-बेस्ड' हे तिन्हींवर लिहिता येईल आणि ते खोटंही ठरणार नाही. त्यातून किती सुटतं, ते मात्र त्या शब्दातून कळत नाही.

लेबल आणि मोजमाप

लेबलवर विसंबून भागत नाही, हेही इतिहासानं दाखवलंय. २०१५ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या फ्लोअरिंग कंपनीचा चीनमध्ये बनलेला माल एका टीव्ही कार्यक्रमानं तपासून घेतला. पाकिटावर कॅलिफोर्नियाचा नियम पाळल्याचा शिक्का होता, आतला माल नियमात बसत नव्हता. त्यानंतर सरकारी तज्ज्ञांनी धोक्याचा हिशोब मांडला, तर त्यात छताची उंची फूट-मीटरच्या गोंधळात चुकली. आधी लाखात २ ते ९ असा सांगितलेला कॅन्सरचा जादा धोका दुरुस्तीनंतर ६ ते ३० झाला. इतकं सगळं एका आकड्यावर अवलंबून असतं.

युरोपनं आता फर्निचरसाठी मर्यादा घनमीटरला ०.०६२ मिलिग्रॅम ठरवली आहे, ६ ऑगस्ट २०२६ पासून. ही ई-१ च्या बरोबर निम्मी आहे.

मग तुम्ही-आम्ही काय करायचं? दुकानात आपण विचारतो, "वॉटरप्रूफ आहे का? वाळवी लागेल का?" हे शंभर वर्षांपूर्वीचेच प्रश्न आहेत. त्यांच्यासोबत आणखी एक विचारा: "उत्सर्जनाचा चाचणी अहवाल आहे का, आणि आकडा काय?" एवढंच. आपल्याकडे साधारणपणे एमआर ग्रेडच्या प्लायमध्ये युरियावाला गोंद असतो आणि बीडब्ल्यूआरमध्ये फिनॉलवाला, त्यामुळे जरा महाग असला तरी झोपायच्या खोलीत दुसरा बरा. बोर्डच्या उघड्या कडा आणि मागची बाजू बंद करून घ्या. नुसता पुढून सनमायका लावला की वायू मागून निघतो. नवं फर्निचर आलं की निदान पहिले काही आठवडे खिडकी उघडी ठेवा. आणि वास येईनासा झाला म्हणजे सुटणं थांबलं असं समजू नका. नाक सरावतं.

सोयाबीनचा गोंद परत आला ही चांगलीच बातमी आहे, आणि तो आपल्याकडे जास्त यावा असं मला मनापासून वाटतं. पण तो चांगला ठरला तो झाडाचा आहे म्हणून नाही. पेटीत बंद करून मोजला तेव्हा आकडा कमी आला, म्हणून ठरला.

तुमच्या घरातल्या नव्या फर्निचरवर काय लिहिलंय ते बघून कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि हा भाग त्या मित्राला पाठवा, जो सध्या नव्या फ्लॅटचं इंटिरियर करून घेतोय. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, खिडकी उघडी ठेवा!